रंगाला चुरा, वासाला पान

४ जून

चिमटीताई,

यावेळी गप्पा नाहीत, काम आहे. गरजवंताला अक्कल नसते, म्हणून आडवळणं न घेता थेट मागते.

परवा आमच्या रेडिओ केंद्रातल्या साहेबांनी मला बोलावून बसायला खुर्ची दिली. एरवी उभ्यानेच पिटाळतात. म्हणाले, "बाई, तुमचा दुपारचा कार्यक्रम कुणी ऐकत नाही. सप्टेंबरपर्यंत बघतो, नाहीतर त्या वेळेत गाणी लावतो." ताई, गाणी लावली की माझं काय? एवढी वर्षं मी गृहिणींना सल्ले देते आहे आणि मला स्वतःला साधा भात धड लावता येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? खानावळीचा डबा खाते आणि माइकपुढे बसून फोडणीवर बोलते!

किराणा इतका महागलाय की बायकांना दुसरं काही ऐकायचंच नाही. आणि कमी पैशांत घर चालवावं तर तूच. आठवतं? सुट्टीत मी मामाकडे यायचे तेव्हा तू आजोबांच्या गुळाच्या डब्यातून रोज एकच चिमूट पळवायचीस. अख्खा उन्हाळा कुणाला पत्ता लागला नाही. मी पहिल्याच दिवशी ढेकूळ उचललं आणि वर घरभर ओरडून सांगितलं. तेव्हापासून तू चिमटी आणि मी भोंगा. तर आता त्या चिमटीची अक्कल या भोंग्याला उसनी दे. फोनवर नको, तुझ्या शेजारच्या बाई फोनला कान लावून बसतात. पत्रच लिही, आणि सविस्तर लिही.

भाऊजींना नमस्कार. माझा कार्यक्रम निदान ते तरी ऐकतात ना?

तुझा,
भोंगा


१२ जून

भोंग्या,

ऐकतात म्हणजे काय! दुरुस्त केलेला प्रत्येक रेडिओ हे तुझ्याच कार्यक्रमावर तपासतात. गिऱ्हाईक समोर असलं की आवाज मोठा करून म्हणतात, "ऐका, ही आमची मेहुणी. आवाज कसा स्वच्छ येतोय बघा. आपल्याकडे तडजोड नाही!" ते वाक्य आता अख्ख्या रस्त्याला पाठ आहे. समोरचा शिंपी बटण लावतानासुद्धा तेच म्हणतो. त्यामुळे कार्यक्रम बंद पडला तर तुझ्यापेक्षा जास्त पंचाईत यांची होईल.

आता लिहून घे. सामान पहिल्या तारखेला भरू नये. तेव्हा सगळ्यांच्या हातात पगार असतो आणि वाण्याच्या जिभेवर मध असतो. महिना सरता सरता जावं, पोत्याच्या तळाचा माल तो भावात सोडतो, फक्त घरी आणून नीट निवडायची तयारी हवी. तेलाच्या बाटलीचं झाकण फेकू नये, त्याला खिळ्याने बारीक भोक पाडावं. हात कितीही सढळ असला तरी तेल बेतानेच पडतं. डाळ शिजवण्याआधी कोरडीच भाजावी, लवकर शिजते, गॅस वाचतो आणि वास असा सुटतो की माणूस दोन घास जास्त जेवतो. (हा तोटाच म्हण!) मसाला अख्खा घ्यावा. दळलेल्यात काय काय असतं ते दळणाराच जाणे.

आणि बायांना सांग, काटकसर करताना तोंड पाडून करू नये. तोंड पाडलं की घरातल्यांना घास गोड लागत नाही, मग वाचवलं काय?

तुझी,
चिमटी


२५ जून

ताई गं ताई,

पत्रांचा ढीग पडलाय! खिळ्याने भोक पाडलेलं झाकण एकीने मला पाकिटातून पाठवलं, टेबल तेलकट झालं. साहेब हसले. पण हसून लगेच म्हणाले, "युक्त्या कुणीही सांगतं. माणसं कुठे आहेत?"

आता मला खरं सांग. माझ्या डोक्यात कधीपासून घोळतंय. रेडिओ दुरुस्तीला हल्ली कोण येतं? बिघडला की लोक नवा घेतात. आणि गेल्या वेळी मी आले तेव्हा तुझ्याकडे लांब दाण्याचा तांदूळ, उंची चहा, सगळं पूर्वीसारखंच. भाऊजी जेवताना म्हणाले, "दुकान कसंही चालो, घरात तडजोड नाही." मी मनात म्हटलं, यात काहीतरी गोम आहे. तू जादू करतेस की चोरी? मला नाही तर कुणाला सांगशील?

भोंगा


९ जुलै

भोंग्या,

तुझं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की उत्तरच द्यायचं नाही. मग वाटलं, कुणाला तरी सांगितलं नाही तर एक दिवस माझंच पोट फुटेल.

हे आधी वाच आणि मग पुढे जा. पुढचं तुझ्या कार्यक्रमासाठी नाही. तू विचारलंस, तू माझी आहेस, म्हणून लिहिते. तुला माझ्या गळ्याची शपथ.

सहा वर्षांपूर्वी दुकान असं बसलं की दिवस दिवस कुणी पायरी चढायचं नाही. हे एका संध्याकाळी आले, हत्यारांची पेटी ठेवली आणि आडवे झाले. आठवडाभर उठले नाहीत. दाढी नाही, आंघोळ नाही, भिंतीकडे तोंड. मला वाटलं, माझा माणूस गेला हातातून. मग एके सकाळी त्यांनी विचारलं, "निदान घरात तरी काही कमी पडत नाही ना? मी देतो त्यात भागतं ना?" मी म्हटलं, "भागतं की! पूर्वीसारखंच चाललंय." ते उठून बसले, चहा मागितला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

त्या एका शब्दाला मी तेव्हापासून डब्यांनी टेकू देऊन उभं ठेवलंय बघ. लांब दाण्याच्या तांदळाचा चित्राचा डबा आहे ना, त्यात तो तांदूळ मूठभर असतो. बाकी कणी. अख्खा दाणा आधी टाकायचा, अर्धा शिजला की तीन पाण्यांत धुतलेली कणी सोडायची, वर लिंबाचे दोन थेंब. वाढताना वरचा वरचा अख्खा भात यांच्या ताटात. खालचा माझ्या. चहाचं तेच. डबा उंची चहाचा, आत चुरा. उकळायला चुरा, आणि उतरवताना खऱ्या चहाच्या चार पानांवर झाकण. रंगाला चुरा, वासाला पान. हे घोट घेऊन म्हणतात, "चहा असावा तर असा!" आणि मी मान फिरवून हसते. कधी कधी रडतेही, पण ते फोडणीच्या धुरात खपून जातं.

त्यांना कळलं तर ते परत भिंतीकडे तोंड करतील, मला दुसरी कसली भीती नाही. तेवढं एक सांभाळ. हे पत्र फाडून टाक.

चिमटी


२८ जुलै

माझी लाडकी ताई,

रागावू नकोस हं, आधी सगळं वाच. कार्यक्रम वाचला! नुसता वाचला नाही, वेळ दुप्पट झाली. एक मोठे धान्यवाले व्यापारी खर्च उचलणार आहेत.

परवा दुपारी मी तुझी गोष्ट सांगितली. तुझी म्हणजे, कुणाची ते कुणालाच कळणार नाही अशी. नाव नाही, गाव नाही, बहीण म्हटलंच नाही, "माझी एक मैत्रीण" म्हटलं. नवऱ्याचा धंदा कसला तेही सांगितलं नाही. फक्त चित्राचा डबा, कणी, लिंबू, रंगाला चुरा वासाला पान, आणि तो बिचारा नवरा घोट घेऊन "आपल्याकडे तडजोड नाही" म्हणतो ते. तेवढं वाक्य मात्र मी भाऊजींच्या आवाजात म्हटलं, मोह आवरला नाही. काचेपलीकडे साहेब पोट धरून हसत होते आणि शेवटी त्यांनी डोळे पुसले. ताई, लोक रडले गं तुझ्यासाठी. तू किती मोठी आहेस ते तुलाच ठाऊक नाही.

साहेबांनी मुदत अलीकडे ओढली होती, त्याच दिवशी काहीतरी जोरकस हवं होतं. माझा नाइलाज होता. तू समजून घेशील.

तुझाच,
भोंगा


३ ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं. त्या दुपारी मी दुकानातच होते.

यांचा डबा घेऊन गेले होते. एका शिक्षिकाबाईंचा रेडिओ दुरुस्त झाला होता, त्या घ्यायला आल्या होत्या. शिंपी मशीनसाठी पेचकस मागायला आला होता, यांच्याकडे बारीक हत्यारं असतात म्हणून. यांनी तुझा कार्यक्रम लावला. "ऐका, मेहुणी!" म्हणाले, आवाज वाढवला, आणि डबा उघडून पहिला घास घेतला.

तू सुरुवात केलीस तेव्हा सगळे हसत होते. हेसुद्धा. "काय बाई असतील एकेक!" असं म्हणाले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण नवरा अगदीच भोळा सांब दिसतो." मी डब्याचं झाकण हातात धरून उभी. रेडिओ बंद करावा तर हात पुढे होईना. मग तू यांच्या आवाजात ते वाक्य म्हटलंस.

शिंपी खो खो हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शिक्षिकाबाईंनी रेडिओ उचलला, पैसे काउंटरवर ठेवले आणि "येते" म्हणून गेल्या. शिंपी पेचकस न घेताच गेला. नाव घेतलं नाहीस म्हणतेस. भोंग्या, आमच्या रस्त्यावर त्या वाक्याला नावाची गरज नाही, हे तुला मीच जूनमध्ये लिहिलं होतं.

यांनी रेडिओच्या बारीक तारा धरायचा चिमटा घेतला, डोळ्याला भिंग लावलं, आणि डब्यातला भात कागदावर घेऊन एकेक दाणा निवडला. अख्खा एका बाजूला, कणी दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, "अहो, नका ना." त्यांचा हात थांबला नाही. सगळं झाल्यावर भिंग काढून म्हणाले, "चहासुद्धा?"

मी मान हलवली.

"किती वर्षं?"

मी सांगितलं. त्यांनी तो कागद दुमडून खिशात ठेवला. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ते म्हणाले, "तू घरी जा. मी येतो."

तू माझा केसाने गळा कापलास. आणि वर लिहितेस, लोक माझ्यासाठी रडले. माझ्यासाठी रडायला मी तुला सांगितलं होतं का?

चिमटी


११ ऑगस्ट

ताई,

मला दोन रात्री झोप नाही. भाऊजी डबा खात असतील, तू समोर असशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. चुकलं माझं. हजारदा चुकलं.

पण ताई, राग निवळला की एक विचार कर. सगळा दोष माझ्याच माथी का? मी एक दुपार बोलले. सहा वर्षं त्यांना फसवलं ते मी नाही. कधी ना कधी हे उघड होणारच होतं. आणि आता झालं ते एका परीने बरंच झालं, आता तुला लपवाछपवी करायला नको.

सोबत पार्सल पाठवते आहे. त्या व्यापाऱ्यांनी दिलेला लांब दाण्याचा तांदूळ आहे, जुना, आणि उंची चहा आहे. वर्षभर पुरेल. आता खराच तांदूळ चित्राच्या डब्यात भर. भाऊजींना म्हणावं, मेहुणीने कान पकडलेत.

तुझा,
भोंगा


२० ऑगस्ट

मेहुणीबाई यांस,

पार्सल परत पाठवत आहे. उघडून पाहिलं त्याबद्दल क्षमा असावी, हल्ली मी सगळंच उघडून पाहतो. तांदूळ उत्तम आहे. आमच्या ऐपतीचा नाही, एवढंच.

त्या दिवशीचं तुमचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. सेटमध्ये जराही खरखर नव्हती. शिक्षिकाबाईंचा रेडिओ मी आठवडाभर खपून नीट केला होता, त्याचं समाधान आहे.

दुकान मी बंद केलं आहे. पंखे आणि मिक्सर दुरुस्तीच्या एका मोठ्या दुकानात नोकरी धरली आहे. मालक पूर्वी माझ्याच हाताखाली शिकला. तो मला अजून ‘गुरुजी’ म्हणतो आणि फरशी पुसलेली नसली की तेही मलाच सांगतो.

तडजोडीचं ते वाक्य तुम्ही पुढेही वापरलंत तरी माझी हरकत नाही. मला आता ते लागत नाही.

आपला,
भाऊजी


२ सप्टेंबर

भोंग्या,

सहा वर्षं फसवलं ते मी, असं तू लिहिलंस. खरंच आहे. खऱ्याला मी नाही कुठे म्हणते? पण ते तोंड वर करून मला सांगणारी तू कोण? मी तुला दार उघडून आत घेतलं आणि तू आतलं सामान रस्त्यावर मांडलंस, वर म्हणतेस, बघ, घर किती मोकळं झालं.

मला वाटलं होतं, हे परत भिंतीकडे तोंड करतील. तसं झालं नाही. त्याहून वाईट झालं. ते वेळेवर उठतात, कामाला जातात, पगार माझ्या हातात देतात. रविवारी त्यांनी सगळे डबे खाली काढले, गरम पाण्याने वरची चित्रं खरवडली आणि दुकानातल्या सुट्या भागांच्या डब्यांवर चिकटवायचे तशा चिठ्ठ्या लावल्या. ‘कणी.’ ‘चुरा.’ ‘तळाची डाळ.’ अक्षर किती सुबक आहे त्यांचं.

जेवताना ते माझ्या ताटात वाकून पाहतात. खालचा भात मला वाढलाय का ते बघतात, आणि ताटं बदलतात. प्रेमाने नाही गं. हिशेब चुकता करतात.

परवा मला ताप होता. विचारलं, "बरं नाही का?" मी सवयीने म्हटलं, "कुठे काय, ठणठणीत आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, नुसतं पाहत राहिले, आणि मग थर्मामीटर आणून माझ्या काखेत लावला. ताप निघाला. वाचून झाल्यावर त्यांनी थर्मामीटर झटकून ठेवला. मी आता त्यांना तो चित्राचा डबा वाटते. वर एक, आत दुसरं. काल मी म्हटलं, "मला तुमची काळजी वाटते." तर म्हणाले, "असेल."

एवढं एकच ‘असेल’. सहा वर्षं कणी निवडून डोळे गेले माझे ते याच्यासाठी का?

वाण्याकडे गेले की बायका मला वाट करून देतात. एकीने विचारलं, लिंबाचे थेंब दोनच का हो? तुझ्या कार्यक्रमाने मला मोठं केलंय, तू म्हणाली होतीस तसं.

आजोबांच्या गुळाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त तुला दाखवलं होतं, डब्यात हात कसा घालायचा ते. तेव्हाही ओरडलीस ती तूच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चिमटी


१९ ऑक्टोबर

ताई,

तू दीड महिना गप्प आहेस. मी तीन पत्रं लिहून फाडली.

मी आता सबबी सांगणार नाही. नाइलाज नव्हता. साहेबांनी मुदत अलीकडे ओढली होती हे खोटं. त्यांनी मुदत दिलेली होती, मला सप्टेंबरपर्यंत दुसरं काही सापडलं असतं. तुझं पत्र वाचलं, मला रडू आलं, आणि रडता रडताच वाटलं, हे किती छान सांगता येईल. मी अशीच आहे. गोड लागलं की ओरडायचं. गळ्याची शपथ दिसत होती कागदावर, तरी ओरडले.

कार्यक्रम जोरात चाललाय. परवा घरी येऊन चहा केला, उतरवताना चार पानं टाकली, आणि पिता आला नाही.

मला शिव्या दे. मार. पण पूर्वीसारखं लिही गं. शेजारणीचं, शिंप्याचं, तुझं, काहीही. तुझ्या पत्रांशिवाय मला घर असं दुसरं नाही. भाऊजी कसे आहेत? तुझ्याशी बोलायला लागले का? एवढं एक खरं खरं सांग.

तुझा,
भोंगा


१४ नोव्हेंबर

आदरणीय भगिनींना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. वाचून आनंद झाला. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. थंडी जरा लवकर पडली. डाळींचे भाव थोडे उतरले आहेत, साखर मात्र चढी आहे. तुमचा कार्यक्रम चांगला होतो असं शेजारी सांगतात. आमच्या घरी सध्या रेडिओ नाही.

तब्येतीला जपावं. कामाच्या व्यापात सवड झाली नाही तर उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

हे पत्र कुणाहीसमोर मोठ्याने वाचायला हरकत नाही.

आपली,
मामेबहीण